विमान जमिनीवर असतांना

माजलगांवच्या बसस्थानकांतून गाडी बाहेर पडते त्या वेळीं एक लहानसा विधि नित्य घडत असतो. वाहक शेवटचा उतारू आंत घेतो, दार ओढून लावतो, मागें एकवार दृष्टि टाकतो आणि घंटीची दोरी दोनदां ओढतो. ते दोन ठोके कानीं पडल्यावांचून चालक गाडी हलवीत नाहीं. पुढें एखादी म्हातारी पायरीवर अडखळली किंवा एखादें मूल मागें राहिलें तर मात्र एकच ठोका पुरतो. त्या एका ठोक्याचें कारण विचारीत चालक बसत नाहीं. तो आधीं थांबतो आणि मग मान वळवून काय झालें तें पाहतो. निघावयास दोन ठोके आणि थांबावयास एक, हा नियम इतका अंगवळणीं पडलेला आहे कीं त्यांतलें शहाणपण कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. प्रस्तुत भाषणाचा विषय एस. टी.ची गाडी नसून विमान हा आहे. परंतु या विषयाचें मर्म त्या दोन आणि एक ठोक्यांतच सांठविलेलें आहे.

माजलगांवास विमानतळ नाहीं. सिंदफणेच्या धरणाकांठीं वसलेल्या या गांवांतील ज्या कोणास विमानानें मुंबईस किंवा दिल्लीस जावयाचें असतें, तो गढी-गेवराईची वाट धरून उत्तरेस औरंगाबादेकडे, म्हणजे २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर हें नांव मिळालेल्या शहराकडे, जातो आणि चिकलठाण्याचा विमानतळ गांठतो. शहराजवळ या वाटेला बीड रोड असें म्हणतात. कापसाच्या हंगामांत शिगोशीग भरलेल्या मालमोटारींच्या मागें रांगत जाणें हें या भागांतील प्रवाशाच्या नशिबीं ठरलेलेंच असतें. कापसाची मालमोटार आणि विमान यांचा एकमेकांशीं संबंध तो काय, असें कोणासहि वाटेल. परंतु २६ एप्रिल १९९३ रोजीं दुपारीं एक वाजण्याच्या सुमारास तो संबंध आला, आणि त्यांत ५५ माणसें मरण पावलीं.

त्या दिवशीं इंडियन एअरलाइन्सचें बोइंग जातीचें एक विमान दिल्लीहून जयपूर आणि उदेपूर करीत औरंगाबादेस आलें होतें व तेथून मुंबईस निघालें होतें. विमानांत ११८ जण होते. तें धांवपट्टीवरून धांवूं लागलें आणि पट्टी जवळजवळ संपत आली तेव्हां कोठें जमिनीवरून उठलें. पट्टीच्या टोकापलीकडून बीड रोड जात होता आणि त्याच क्षणीं दाबलेल्या कापसाच्या गांठींनीं भरलेली एक मालमोटार त्या रस्त्यानें दक्षिणेकडे चालली होती. विमानाचें डावें चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग रस्त्यापासून सुमारें सात फूट उंचीवर त्या मोटारीस जाऊन धडकला. जखमी विमान तसेंच पुढें गेलें, सुमारें तीन किलोमीटरांवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांस अडकलें आणि शेतांत कोसळून पेटलें. ११८ पैकीं ६३ जण वांचले.

या अपघाताची न्यायालयीन चौकशी झाली. तिचा निष्कर्ष दुहेरी होता. वैमानिकांनीं विमानाचें नाक उचलण्यास उशीर केला आणि उचलण्याची रीतहि चुकली, हा एक भाग. उड्डाणाच्या वेळीं बीड रोडवरील वाहतूक आंवरून धरण्याचें काम विमानतळाच्या प्राधिकरणाकडून झालें नाहीं, हा दुसरा. यांतील कोणतीहि एक गोष्ट नीट झाली असती तर त्या दुपारीं कांहींच घडलें नसतें. रस्त्यावरच्यानें आकाशाकडे पाहिलें नाहीं, आकाशांत जाणाऱ्यानें रस्ता हिशेबांत धरला नाहीं, आणि दोघांच्या मध्यें उभें राहून एकास थांब म्हणणारा तिसरा कोणी त्या जागीं नव्हता.

शास्त्राच्या काटेकोर भाषेंत हा अपघात धांवपट्टीवरील अतिक्रमणाचा नव्हे. कारण ती मालमोटार सार्वजनिक रस्त्यावर होती, पट्टीवर नव्हती. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या व्याख्येप्रमाणें विमानाच्या उड्डाणासाठीं व उतरण्यासाठीं राखलेल्या जागेंत कोणतेंहि विमान, वाहन किंवा मनुष्य, तेथें नसावें अशा वेळीं आढळलें म्हणजे तें अतिक्रमण होय. त्यांत टक्कर झालीच पाहिजे असें नाहीं. परंतु दोन्ही प्रकारांचें मूळ एकच आहे. पुढची वाट मोकळी आहे असें कोणीतरी गृहीत धरतो आणि तें गृहीत तपासून पाहण्याचें राहून जातें.

सामान्य प्रवाशाची भीति आकाशाशीं निगडित असते. चाकें जमिनीला टेंकलीं कीं तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पट्टा सोडूं लागतो. वस्तुतः जमिनीवरचा हा प्रवास वैमानिकांच्या दृष्टीनें फार जिकिरीचा असतो. इमारतीपासून धांवपट्टीपर्यंत आणि धांवपट्टीपासून इमारतीपर्यंत विमान आपल्या चाकांवर चालत जातें, यास वैमानिक ‘टॅक्सी करणें’ असें म्हणतात. आकाशांत सहजपणें वळणारें हें यान जमिनीवर मोठें अवजड असतें. त्याच्या पंखांचीं टोकें पुष्कळदां वैमानिकांस बसल्या जागेवरून दिसत नाहींत. जागा चुकली तर बैलगाडीप्रमाणें मागें घेण्याचीहि सोय बहुधा नसते; त्यासाठीं मागें ढकलणारें वाहन बोलवावें लागतें.

मोठ्या विमानतळाचा नकाशा अनोळखी शहराच्या पेठेसारखा असतो. टॅक्सीच्या वाटांना अक्षरांचीं नांवें असतात. धांवपट्ट्यांना दिशेप्रमाणें आंकडे असतात. पट्टी पूर्वेकडे, म्हणजे ९० अंशांवर, तोंड करून असेल तर शेवटचें शून्य गाळून तिला ०९ म्हणतात. तीच उलट बाजूनें २७ होते. वाटेच्या मधोमध पिंवळी रेघ असते, कडेला निळे दिवे असतात. जेथें वाट धांवपट्टीस मिळते तेथें चार पिंवळ्या रेघा आडव्या काढलेल्या असतात. दोन अखंड व दोन तुटक. अखंड रेघ ज्याच्या बाजूस असेल त्यानें परवानगीवांचून ती ओलांडावयाची नाहीं. बाजूला तांबड्या फलकावर पांढऱ्या आंकड्यांत पट्टीचें नांव असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं जमिनींतच तांबड्या दिव्यांची एक ओळ बसविलेली असते. ती पेटलेली असेल तोंवर पुढें पाऊल टाकावयाचें नाहीं.

या वाटेनें विमान नेण्याचें काम दोघांत वांटलेलें असतें. एक जण चाकांची दिशा सांभाळतो व बाहेर पाहतो. पुष्कळ विमानांत जमिनीवर वळविण्याचें लहान चाक डावीकडे, कप्तानापुढें असतें. दुसरा नियंत्रकाशीं बिनतारी यंत्रावर बोलतो, नकाशावर बोट ठेवून वळणें सांगतो आणि उड्डाणापूर्वीच्या तपासणीची यादी वाचतो. नियंत्रकाची प्रत्येक महत्त्वाची आज्ञा त्याला जशीच्या तशी उलट म्हणून दाखवावी लागते. ही शाळेंतल्या पाढ्यांसारखी घोकंपट्टी नव्हे. आज्ञा देणाऱ्यानें जें म्हटलें तेंच ऐकणाऱ्याला समजलें कीं नाहीं, हें पडताळून पाहण्याचा तो एकमेव उपाय आहे. मध्यें कोणतीहि धांवपट्टी लागली तर ती ओलांडण्याची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते आणि डावीकडची बाजू एकानें व उजवीकडची दुसऱ्यानें पाहून तसें मोठ्यानें म्हणावें लागतें.

ही सारी खबरदारी कशासाठीं, हें महाराष्ट्रांतील तीन प्रसंगांवरून कळेल. मुंबईच्या विमानतळाच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदून जातात. म्हणून तेथें बहुतेक सारा भार एका वेळीं एकीवरच असतो. एक विमान उतरतें, तें बाजूस होतें न होतें तोंच दुसरें उठतें. ९ फेब्रुवारी २००९ रोजीं याच तळावर दिल्लीस निघालेलें एक प्रवासी विमान वेगांत धांवत असतां तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभा पाटील यांच्या ताफ्यांतील वायुदलाचें एक हेलिकॉप्टर समोर धांवपट्टीवर आलें. वैमानिकांनीं तें पाहिलें आणि सारा जोर लावून विमान थांबविलें. १५ फेब्रुवारी २०२० रोजीं पुण्याच्या लोहगांव तळावर दिल्लीचें विमान उड्डाणासाठीं धांवत होतें, तों पट्टीवर एक जीप आणि एक माणूस दिसला. थांबावयास जागा उरली नव्हती, म्हणून वैमानिकानें ठरल्या जागेच्या आधींच विमान उचललें. शेपटीकडचा भाग जमिनीस घांसला गेला. विमान दिल्लीस सुखरूप पोंचलें. ८ जून २०२४ रोजीं मुंबईस २७ क्रमांकाच्या पट्टीवर इंदूरहून आलेलें विमान टेंकलें तेव्हां तिरुवनंतपुरमला निघालेलें विमान त्याच पट्टीवरून उठतच होतें. कोणास इजा झाली नाहीं. परंतु चौकशी सुरू झाली आणि संबंधित नियंत्रकास कामावरून बाजूस करण्यांत आलें. उड्डाणाच्या वेळीं असें विमान तासाला अडीचशें किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगानें जात असतें. म्हणजे एका सेकंदांत सत्तर मीटर. विचार करण्यास किती अवकाश उरतो, हें यावरून दिसेल.

हे तिन्ही प्रसंग निभावले. सर्वच निभावत नाहींत. विमानांच्या इतिहासांत एकाच अपघातांत सर्वाधिक प्राणहानि झाली ती आकाशांत नव्हे, जमिनीवर. आफ्रिकेच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरांत स्पेनच्या अमलाखालीं टेनेरीफ नांवाचें बेट आहे. २७ मार्च १९७७ रोजीं शेजारच्या बेटाच्या विमानतळावर बाँब फुटल्यामुळें अनेक मोठीं विमानें टेनेरीफच्या लहान तळावर वळविण्यांत आलीं. उभ्या विमानांनीं टॅक्सीची वाट अडली, म्हणून निघणाऱ्यांस धांवपट्टीवरूनच उलट चालत टोकापर्यंत जावें लागलें. पुढें एका डच कंपनीचें प्रचंड विमान गेलें व टोकाशीं वळून उभें राहिलें. त्याच्या मागून त्याच पट्टीवर एक अमेरिकन विमान चालत होतें. त्यानें तिसऱ्या वाटेनें बाहेर पडावयाचें होतें. इतक्यांत दाट धुकें उतरलें. विमानें एकमेकांस दिसेनात. मनोऱ्यांतील नियंत्रकास दोन्ही दिसेनात. आणि जमिनीवरील हालचाल दाखविणारें रडार तेथें नव्हतें.

डच विमानाचा कप्तान त्या कंपनीचा नामांकित शिक्षक होता. कंपनीच्या जाहिरातींत त्याचें छायाचित्र छापलें जात असे. त्यानें इंजिनांचा जोर वाढविला तेव्हां सहवैमानिकानें त्याला अडविलें आणि अजून परवानगी मिळालेली नाहीं असें सांगितलें. कप्तानानें तें मानलें व त्याला विचारावयास लाविलें. नियंत्रकानें जें उत्तर दिलें तें उड्डाणानंतरच्या मार्गासंबंधींचें होतें. उठण्याची परवानगी तें नव्हतें. परंतु त्यांत उड्डाण हा शब्द आला होता. कप्तानानें विमान सोडलें. या वेळीं सहवैमानिक गप्प राहिला. त्यानें नियंत्रकास दिलेला संदेश असा संदिग्ध होता कीं आपण उठत आहों असेंहि त्यावरून समजावें आणि उठण्याच्या जागीं उभे आहों असेंहि समजावें. नियंत्रकानें थांबून राहण्यास सांगितलें. त्याच क्षणीं अमेरिकन विमानानें आपण अजून पट्टीवरच आहों असें कळविलें. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि डच विमानांत नुसती कर्कश शीळ ऐकूं आली.

त्यानंतरहि एक संधि उरली होती. त्या कक्षांत तिसरा मनुष्य होता, इंजिनांवर देखरेख ठेवणारा अभियंता. तुटक बोलण्यांतून त्याच्या मनांत शंका आली आणि तें अमेरिकन विमान अजून बाजूस झालें नाहीं काय, असें त्यानें विचारलें. कप्तानानें ठासून, झालें आहे, असें उत्तर दिलें. अभियंता पुन्हां बोलला नाहीं. थोड्याच सेकंदांत धुक्यांतून समोर आडवें विमान दिसलें. डच विमानांतील २४८ पैकीं एकहि वांचला नाहीं. अमेरिकन विमानांतील ३३५ गेले, ६१ वांचले. एकूण मृत ५८३.

या हकीकतींत दुष्ट असा कोणीच नाहीं. कप्तान आपल्या कामांत निष्णात होता. सहवैमानिकानें पहिल्या वेळीं आपलें कर्तव्य चोख बजावलें. अभियंत्याची शंका तर शब्दशः खरी होती. उणें पडलें तें इतकेंच कीं त्या कक्षांत थांबण्यासाठींहि सर्वांत वडील माणसाची संमति लागत होती. एका ठोक्यानें गाडी थांबत नव्हती. शंका प्रश्नाच्या रूपानें, अदबीनें पुढें आली. ठाम उत्तर येतांच ती शंका राहिली नाहीं, ती विचारणाऱ्याची आगळीक ठरली.

टेनेरीफनंतर दोन सुधारणा झाल्या. पहिली भाषेची. ‘उड्डाण’ या अर्थाचा शब्द आतां प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच उच्चारावयाचा. एरवीं ‘प्रस्थान’ अशा अर्थाचा दुसरा शब्द वापरावयाचा. दुसरी सुधारणा माणसांच्या वागणुकीची, आणि ती अधिक कठीण. अमेरिकेच्या नासा या संस्थेनें १९७९ सालीं या प्रश्नावर परिषद भरविली. विमान चालविणाऱ्या मंडळींनीं परस्परांशीं कसें बोलावें, कनिष्ठानें शंका कशी मांडावी, ज्येष्ठानें ती कशी ऐकावी, याचें रीतसर शिक्षण तेव्हांपासून सुरू झालें. तें भारतांतील वैमानिकांनाहि घ्यावें लागतें. टॅक्सी करतांना, उठतांना व उतरतांना कामाव्यतिरिक्त अवांतर बोलूं नये, असाहि नियम अमेरिकेंत १९८१ सालीं झाला व पुढें इतरत्र पसरला. तो मोडला गेला तर काय होतें, हें अमेरिकेंतील लेक्सिंग्टन येथें २७ ऑगस्ट २००६ च्या पहांटे दिसलें. टॅक्सी करतांना दोघा वैमानिकांचें इकडचें तिकडचें बोलणें चाललें होतें. ते सात हजार फुटांच्या पट्टीऐवजीं त्याच्या निम्म्या लांबीच्या दुसऱ्या पट्टीवर वळले आणि पन्नासांपैकीं एकोणपन्नास जण प्राणांस मुकले.

यंत्रांची मदत आतां पुष्कळ वाढली आहे, तरी माणसाच्या गृहीत धरण्याच्या संवयीवर यंत्र पुरतें पडत नाहीं. २ जानेवारी २०२४ रोजीं तोक्योच्या हानेदा तळावर भूकंपग्रस्तांसाठीं सामान नेणाऱ्या तटरक्षक दलाच्या विमानास धांवपट्टीजवळच्या थांबण्याच्या जागेपर्यंत येण्यास सांगितलें होतें. त्याचा क्रम पहिला आहे, असेंहि सांगितलें होतें. पहिला क्रम म्हणजेच परवानगी, असें समजून तें पट्टीवर जाऊन उभें राहिलें. तेथील तांबड्या दिव्यांची ओळ त्या दिवसांत बंद होती. मनोऱ्यांतील पडद्यावर इशारा उमटला होता, पण तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. उतरणारें प्रवासी विमान त्यावर आदळलें. त्यांतील सर्वच्या सर्व ३७९ जण बाहेर पडले. तटरक्षकांच्या सहांपैकीं पांच मरण पावले.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचें आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं नुकतेंच उतरलेलें एक विमान दुसरी धांवपट्टी ओलांडावयास निघालें असतां त्याच पट्टीवरून दुसऱ्या एका विमानास उठण्याची परवानगी मिळाली. ओलांडणाऱ्या विमानाच्या कप्तान एक बाई होत्या. त्यांनीं नियंत्रकास तत्काळ सावध केलें आणि उठणारें विमान थांबविण्यांत आलें. एक ठोका पडला व तो ऐकला गेला. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत मृतांची यादी छापावी लागली नाहीं.

मराठी घरांत मुलाला लहानपणापासून शिकविलें जातें कीं वडीलधारें बोलत असतां मध्यें तोंड घालूं नये. शिकवण चांगली आहे. तिनें घराला घरपण येतें. परंतु याच घरांतील मुलगे आणि मुली आतां विमानाच्या डाव्या व उजव्या खुर्चींत बसतात, रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या वेळीं उभ्या राहतात, कारखान्यांत यंत्रें चालवितात. तेथें ज्येष्ठाचा मान राखून त्याला टोंकतां आलें पाहिजे, आणि ज्येष्ठाला तें टोंकणें मानहानि न समजतां ऐकून घेतां आलें पाहिजे. चांगला कप्तान काम सुरू करण्यापूर्वींच सहकाऱ्यास सांगून ठेवतो कीं शंका आली तर ‘थांबा’ म्हण. मी आधीं थांबेन आणि मग विचारीन. शंका खोटी निघाली तर चार मिनिटें गेलीं. खरी असून न बोललेली राहिली तर किती जातात, याचा हिशेब वर दिलाच आहे.

मुंबईच्या विमानांत बसलेला प्रवासी पुष्कळदां त्रासून जातो. विमान इमारतीपासून निघालेलें असतें, पण मध्येंच कोठें तरी उभें राहतें. खिडकींतून नुसतें गवत आणि पिंवळी रेघ दिसते. आणि पुढच्या दोघांना घाई नाहीं याचा त्याला राग येतो. त्या वेळीं कक्षांत एक जण डावीकडे पाहत असतो, दुसरा उजवीकडे, आणि तांबडे दिवे विझण्याची व परवानगीचे शब्द कानीं पडण्याची ते दोघे वाट पाहत असतात. दुसरा ठोका अजून पडलेला नसतो. माजलगांवच्या बसस्थानकावर ज्यानें हा नियम पाहिला आहे, त्यानें तरी त्या उशिराबद्दल कुरकुर करूं नये.